सूत्रांना कुलूप, नोंदीला वाट: शीट सुरक्षित करण्याचा योग्य क्रम

एक्सेलची शीट बिघडू नये म्हणून कोणीतरी ‘प्रोटेक्ट शीट’ हे बटण दाबतो, आणि थोड्याच वेळात नोंद करणाऱ्याचा निरोप येतो की शीटमध्ये काहीच लिहिता येत नाही. मग सुरक्षा तात्पुरती काढली जाते, ती परत लावायची राहून जाते, आणि महिनाअखेरीस एकूण तासांच्या रकान्यात सूत्राच्या जागी कोणीतरी हाताने लिहिलेला आकडा सापडतो. यात दोष बटणाचा नसतो, क्रमाचा असतो.

एक्सेलमध्ये नव्या शीटचा प्रत्येक सेल मुळातच ‘लॉक्ड’ असतो. फक्त शीटवर सुरक्षा लावेपर्यंत त्या खुणेचा काहीही परिणाम होत नाही. त्यामुळे सूत्रे लॉक करणे हे आपले काम नव्हेच. नोंदीचे सेल वेचून मोकळे करणे हे आपले काम आहे, आणि ते सुरक्षा लावण्याआधी करावे लागते. पुढील टप्पे एक्सेलला धरून लिहिले आहेत. गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये जेथे फरक पडतो, ते शेवटी दिले आहे.

उदाहरणासाठी कामाच्या तासांची एक शीट घेऊ. ए रकान्यात तारीख, बी मध्ये नाव, सी मध्ये काम सुरू केल्याची वेळ, डी मध्ये संपवल्याची वेळ आणि ई मध्ये विश्रांतीची मिनिटे आहेत. हे पाच रकाने माणूस भरतो. एफ मधील निव्वळ तास आणि जी मधील जादा तास सूत्रांनी निघतात. पहिली ओळ शीर्षकांची आहे.

टप्पा १: कुलपाआधीची आवराआवर

मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी आणि मगच कामाला लागावे. चुकीचे सूत्र लॉक केले तर ती चूकच सुरक्षित होते, म्हणून आधी प्रत्येक सूत्र एकदा वाचून घ्यावे. कंट्रोल आणि आकडा एकच्या डावीकडची उलट्या स्वल्पविरामाची कळ एकत्र दाबली की सर्व सेलमध्ये उत्तरांऐवजी सूत्रे दिसू लागतात. एखाद्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सूत्र असून मध्येच नुसता आकडा असेल, तर तो या दृश्यात लगेच डोळ्यांत भरतो.

सूत्रांच्या पोटात लिहिलेले आकडे बाहेर काढावेत. जी रकान्यात ‘निव्वळ तासांतून ८ वजा’ असे सूत्र असेल आणि उद्या ८ चे साडेसात झाले, तर तेवढ्यासाठी कुलूप उघडावे लागेल. असा आकडा ‘ठरलेल्या किमती’ अशा वेगळ्या शीटवर एका सेलमध्ये लिहावा आणि सूत्राने तेथून घ्यावा.

सुरक्षित शीटवर एक्सेलचे ‘टेबल’ आपोआप खाली वाढत नाही, आणि याची कल्पना अनेकांना नसते. शेवटच्या ओळीखाली नवी नोंद लिहिली की टेबल स्वतः वाढते आणि सूत्रही उतरते, या सवयीवर शीट उभी असेल तर कुलूप लावताच ती सोय संपते. म्हणून जेवढ्या ओळी लागतील असा अंदाज आहे, त्याहून थोड्या जास्त ओळींत सूत्रे आधीच उतरवून ठेवावीत. आपल्या उदाहरणात ५०० नोंदींसाठी ओळ २ ते ५०१ धरू. रिकाम्या ओळींत शून्ये किंवा विचित्र आकडे दिसू नयेत म्हणून सूत्राच्या सुरुवातीला ‘इफ’ची अट घालावी, म्हणजे सी किंवा डी रिकामा असेल तर एफही रिकामाच दिसेल. मध्यरात्र ओलांडणारे काम असेल तर संपण्याच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केल्यावर उत्तर ऋण येते. ती वजाबाकी भागाकारातील बाकी देणाऱ्या ‘मॉड’ फंक्शनमध्ये घालून भाजक १ दिला की ते बरोबर होते.

नोंदीच्या भागात ‘मर्ज’ केलेले सेल असतील तर ते मोडून टाकावेत, कारण पुढे सेल निवडताना, मोकळे करताना आणि पेस्ट करताना ते प्रत्येक वेळी आडवे येतात.

टप्पा २: नोंदीचे सेल मोकळे करणे

१. प्रथम सगळी शीट एकसारखी लॉक करून घ्यावी. जुन्या फाइलमध्ये कोणी काय मोकळे करून ठेवले आहे याचा भरवसा नसतो. त्यासाठी रकान्यांची अक्षरे आणि ओळींचे क्रमांक जेथे मिळतात, त्या कोपऱ्यातील चौकटीवर क्लिक करावे. कंट्रोल-ए वर विसंबू नये. कर्सर माहितीच्या आत असेल तर पहिल्या वेळी फक्त तेवढाच भाग निवडला जातो.

२. कंट्रोल-१ दाबून ‘फॉरमॅट सेल्स’ उघडावे, ‘प्रोटेक्शन’ या पानावर ‘लॉक्ड’समोर खूण असल्याची खात्री करावी आणि ओके करावे.

३. आता ए२ पासून ई५०१ पर्यंतचा भाग निवडावा, त्याच पानावर जाऊन ‘लॉक्ड’ची खूण काढावी. ‘ठरलेल्या किमती’ ही शीट नोंद करणाऱ्याने बदलायची नसेल, तर तिच्यातील एकही सेल मोकळा करू नये.

४. मोकळ्या सेलना फिकट रंग द्यावा. हा सजावटीचा भाग नाही. कोठे लिहायचे हे रंगावरून कळले की पुढचे निम्मे फोन टळतात.

‘गो टू स्पेशल’मधून ‘कॉन्स्टंट्स’ (सूत्र नसलेल्या, हाताने लिहिलेल्या किमती) निवडून सगळे नोंदीचे सेल एका झटक्यात मोकळे करण्याची युक्ती अनेक ठिकाणी सांगितली जाते. ती मी वापरत नाही. तिच्यात शीर्षकेही निवडली जातात, आणि अजून न भरलेले, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे ते सेल, नेमके सुटतात. ‘गो टू स्पेशल’चा खरा उपयोग उलट्या दिशेने होतो: त्यातून ‘फॉर्म्युलाज’ निवडले की सूत्रांचे सर्व सेल उजळतात, आणि त्यांतील एखादा रंगीत भागात आला आहे का हे पाहता येते.

*तपासणी:* मोकळ्या सेलमध्ये सूत्र असेल तर एक्सेल त्या सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दाखवतो, मात्र चूक-तपासणीचा तो नियम बंद केलेला नसला पाहिजे. याहून पक्की तपासणी हवी असेल तर ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये, म्हणजे अटीनुसार सेलला रंग देणाऱ्या सोयीत, सूत्राचा नियम घालावा. ‘सेल’ या फंक्शनला ‘प्रोटेक्ट’ हा शब्द आणि सेलचा पत्ता दिला की लॉक असलेल्या सेलसाठी १ आणि मोकळ्यासाठी ० मिळतो. उत्तर ० असेल तेथे गडद रंग द्यायचा. नजरेतून निसटलेला एकटादुकटा सेलही यात सापडतो. खात्री झाली की नियम काढून टाकावा.

टप्पा ३: मोकळ्या सेलमध्ये काय येऊ द्यायचे

सूत्र शाबूत असूनही उत्तर चुकू शकते, कारण कुलूप सूत्राला असते, नोंदीला नसते. समजा नोंद करणाऱ्याने साडेआठ हे ८:३० असे न लिहिता ८.३० असे लिहिले आणि साडेपाच हे १७.३० असे लिहिले. एक्सेल वेळेला दिवसाचा अंश मानते, त्यामुळे ८.३० म्हणजे आठ दिवस आणि दिवसाचे तीन दशांश, म्हणजेच ७ तास १२ मिनिटे. वेळेचे साधे स्वरूप दिलेल्या सेलमध्ये दिवस दिसत नाहीत. म्हणून सी मध्ये ७:१२ दिसेल, आणि डी मध्येही ७:१२ च. वजाबाकी मात्र पूर्ण ९ दिवसांची होते, तिला २४ ने गुणल्यावर २१६ तास येतात, आणि अर्ध्या तासाची विश्रांती वजा जाता त्या माणसाने एका दिवसात २१५.५ तास काम केल्याची नोंद होते. खरे उत्तर ८.५ आहे. सूत्राला ‘मॉड’ लावलेले असेल तर चूक आणखी फसवी होते: ९ पूर्ण दिवसांचे उरते शून्य, आणि निव्वळ तास उणे अर्धा येतात.

यावर उपाय ‘डेटा’ टॅबमधील ‘डेटा व्हॅलिडेशन’चा. सी आणि डी रकान्यांसाठी ‘टाइम’ हा प्रकार निवडून ०:०० ते २३:५९ अशी मर्यादा द्यावी; ८.३० ही किंमत एका दिवसाहून मोठी असल्याने ती तेथेच नाकारली जाते. ई साठी पूर्णांक, ० ते १८०. तारखेसाठी त्या महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख. नावासाठी यादी.

‘एरर अलर्ट’मध्ये ‘स्टॉप’ हीच शैली ठेवावी. ‘वॉर्निंग’ आणि ‘इन्फर्मेशन’ या दोन्हींत माणूस पुढे रेटून चुकीची नोंद करू शकतो. त्या चौकटीत स्वतःच्या शब्दांत संदेशही लिहावा. ‘वेळ ८:३० अशी, मध्ये दोन टिंबे देऊन लिहावी’ असे लिहिले तर चूक करणारा स्वतःच ती सुधारतो.

*सावधान:* व्हॅलिडेशन फक्त टंकलेल्या नोंदी तपासते. पेस्ट केलेली किंमत तिला न विचारता आत जाते, आणि दुसऱ्या सेलची नक्कल पेस्ट केली तर नियमच पुसला जातो. आठवड्यातून एकदा ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ चालवावे. नियमात न बसणाऱ्या नोंदींभोवती लाल वर्तुळे उमटतात. मात्र ही आज्ञा सुरक्षा काढल्यावरच चालवता येते.

टप्पा ४: सुरक्षा लावणे

‘रिव्ह्यू’ टॅबवर ‘प्रोटेक्ट शीट’ दाबावे. हे बटण फिके दिसत असेल तर बहुधा एकाहून अधिक शीट एकत्र निवडलेल्या असतात. शीटच्या नावावर उजवे क्लिक करून ‘अनग्रुप शीट्स’ने निवड मोडावी. सुरक्षा प्रत्येक शीटला स्वतंत्रपणे लावावी लागते.

उघडणाऱ्या चौकटीतील यादीत पहिल्या दोन ओळींवर आधीच खूण असते: लॉक केलेले सेल निवडता येणे आणि मोकळे सेल निवडता येणे. केवळ नोंदीसाठी असलेल्या शीटवर मी पहिली खूण काढतो. मग कर्सर सूत्रांवर जातच नाही आणि टॅबची कळ एका मोकळ्या सेलवरून थेट पुढच्या मोकळ्या सेलवर नेते. ई मधून टॅब दाबला की खालच्या ओळीचा ए येतो. मात्र ज्याला एकूण आकडा नकलून दुसरीकडे न्यायचा आहे किंवा सूत्र वाचायचे आहे, त्याची यात अडचण होते. तेथे ती खूण राहू द्यावी. याच कारणासाठी ‘प्रोटेक्शन’ पानावरील ‘हिडन’ची खूणही उगाच करू नये. तिने सूत्र सूत्रपट्टीतून नाहीसे होते, आणि उत्तर चुकले तर का चुकले हे शोधणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

बाकीच्या परवानग्यांपैकी तीन नेहमी फसवतात.

‘सॉर्ट’ला परवानगी दिली तरी क्रम लावायच्या भागात एकही लॉक सेल असेल तर एक्सेल नकार देते, आणि आपल्या शीटमध्ये एफ आणि जी लॉकच आहेत. क्रमवारी हवी असेल तर ती वेगळ्या शीटवर घ्यावी. ‘ऑटोफिल्टर’ची परवानगी उपयोगी आहे, पण फिल्टर सुरक्षा लावण्याआधी चालू केलेला असावा लागतो, नंतर तो नव्याने लावता येत नाही. ‘इन्सर्ट रोज’ची परवानगी दिली की मध्येच रिकामी ओळ घुसते, तिच्या एफ मध्ये सूत्र नसते, आणि तो सेल वरच्या ओळीसारखाच लॉक असल्याने नोंद करणाऱ्याला ते घालताही येत नाही. ही परवानगी देऊच नये. टप्पा १ मध्ये ओळी आधीच तयार ठेवल्या त्या यासाठीच.

पासवर्डमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो आणि तो विसरल्यास मायक्रोसॉफ्ट परत मिळवून देत नाही. तरीही शीटचा पासवर्ड म्हणजे तिजोरी नव्हे. ठरवून बसलेल्या माणसाला तो काढता येतो. ही सोय चुकून लागणाऱ्या बोटांसाठी आहे. फाइलमधील माहितीच कोणाला दिसू नये असे असेल, तर ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ या वाटेने ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ वापरावे, ते वेगळे काम आहे.

शेवटी ‘प्रोटेक्ट वर्कबुक’मधून फाइलची रचना बंद करावी. ते केले नाही तर सुरक्षित शीटसुद्धा तिच्या नावावर उजवे क्लिक करून सबंधच्या सबंध काढून टाकता येते.

टप्पा ५: नोंद करणाऱ्याच्या खुर्चीत बसून चाचणी

फाइल जतन करून बंद करावी, पुन्हा उघडावी, आणि एका प्रतीवर मुद्दाम वेडेवाकडे वागावे. तीन नोंदी माउस न वापरता भराव्यात. वेळेच्या जागी ‘सकाळी’ असे लिहून पाहावे. एखादी नोंद डिलीटने पुसून एफ रिकामा होतो का ते पाहावे. शेवटच्या, म्हणजे ५०१ व्या ओळीत नोंद करून तिचे तास एकूण बेरजेत धरले जातात का, हेही तपासावे.

शीटवर चेकबॉक्स किंवा तत्सम फॉर्म कंट्रोल असतील तर प्रत्येकावर एकदा क्लिक करावे. त्यांचे उत्तर ज्या सेलमध्ये जाते तो सेल मोकळा नसेल तर क्लिक करताच नकाराचा संदेश येतो. असा एक सेल मी बाजूच्या लपवलेल्या रकान्यात ठेवला होता आणि तो लॉकच राहिला. चाचणी न करता फाइल पाठवल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी परत आली. मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांचे संच, असतील तर तेही चालवून पाहावेत, कारण लॉक सेलमध्ये लिहू पाहणारा मॅक्रो अडतो. मॅक्रोंना सूट देणारी ‘युजर इंटरफेस ओन्ली’ ही सेटिंग फाइल बंद होताच विसरली जाते; ती फाइल उघडताना दर वेळी नव्याने लावावी लागते.

कुलूप जे थांबवत नाही: कट आणि पेस्ट

हा भाग सावकाश वाचावा, कारण शीट सुरक्षित असूनही सूत्रे बिघडतात ती येथे.

नोंद करणाऱ्याने सुरुवातीची वेळ चुकून सी१२ मध्ये लिहिली, तिला सी१३ मध्ये जायचे होते. तो सेलची कड माउसने धरून खाली ओढतो, किंवा कट करून पेस्ट करतो. दोन्ही सेल मोकळे आहेत, त्यामुळे एक्सेल हरकत घेत नाही. पण कट केलेला सेल जेथे जातो तेथे त्याच्याकडे पाहणारी सूत्रेही जातात: एफ१२ मधील सूत्र आता सी१३ कडे पाहू लागते, आणि ज्या सी१३ वर ही किंमत येऊन बसली त्याच्याकडे पाहणारे एफ१३ मधील सूत्र संदर्भ हरवून ‘रेफ’ची चूक दाखवते. त्यावर कडी म्हणजे रिकामा झालेला सी१२ मूळ स्वरूपाला जातो, म्हणजे लॉक होतो. नोंद करणारा ना एफ दुरुस्त करू शकतो, ना सी१२ भरू शकतो.

याउलट नुसत्या कॉपी-पेस्टने सूत्रे हलत नाहीत, पण मूळ सेल लॉक असेल तर तो गुण नोंदीच्या सेलवर चिकटतो. नोंद करणाऱ्यांना एवढे दोन नियम लेखी द्यावेत: कट करू नये, आणि पेस्ट करताना ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त ‘व्हॅल्यूज’ घ्याव्यात.

नियम पाळले जातीलच असे नाही, म्हणून सूत्रच असे लिहावे की सेल हलला तरी ते हलणार नाही. एफ१२ मध्ये थेट सी१२ न लिहिता ‘इंडेक्स’ फंक्शनला संपूर्ण सी रकाना आणि ओळीच्या क्रमांकाच्या जागी ‘रो’ फंक्शन द्यावे. मग सूत्राचा अर्थ ‘सी रकान्यातील, माझ्याच ओळीतील किंमत’ असा होतो; एखादा सेल इकडचा तिकडे ओढला तरी रकाना जागेवर असतो आणि संदर्भ तुटत नाही. ‘इनडायरेक्ट’नेही हे साधते, पण ते प्रत्येक बदलाला नव्याने मोजले जाते आणि मोठ्या शीटमध्ये जड जाते. सेल लॉक होण्याचा त्रास यानेही जात नाही, मात्र तो दिसतो आणि टप्पा २ ची कृती पुन्हा करून मिटतो. चुकीच्या ओळीची वेळ मोजणारे सूत्र दिसत नाही.

‘ऑप्शन्स’मधील ‘अॅडव्हान्स्ड’ भागात सेल ओढण्याची सोय बंद करता येते. पण ती सेटिंग त्या संगणकाची असते, फाइलबरोबर जात नाही.

गुगल शीट्स आणि कॅल्क

गुगल शीट्समध्ये मूळ स्थिती उलटी आहे: काहीच लॉक नसते. ‘डेटा’ मेन्यूतील ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’मध्ये ‘शीट’ निवडून ‘एक्सेप्ट सर्टन सेल्स’वर खूण करावी आणि ए२ ते ई५०१ हा भाग वगळावा. पुढच्या चौकटीत ‘रिस्ट्रिक्ट’चा पर्याय घ्यावा, दुसरा पर्याय नुसता इशारा देतो आणि लिहू देतो. फाइलच्या मालकाला कोणतेही कुलूप लागू होत नाही, त्यामुळे स्वतःच्या खात्यातून केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. ती दुसऱ्या खात्यातून करावी. तेथे पासवर्ड नसतो, आणि फाइलची प्रत काढणारा त्या प्रतीचा मालक होतो. व्हॅलिडेशनमध्ये ‘रिजेक्ट’ निवडले आहे ना, हेही पाहावे.

कॅल्कमध्ये क्रम एक्सेलसारखाच आहे. ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘सेल प्रोटेक्शन’ या पानावर ‘प्रोटेक्टेड’ची खूण काढावी आणि मग ‘टूल्स’मधून ‘प्रोटेक्ट शीट’ करावे.

नंतरचे बदल

सूत्र बदलायचे झाल्यास सुरक्षा काढावी, बदल नोंदींच्या पहिल्या, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या ओळीत करून ५०१ व्या ओळीपर्यंत उतरवावा, टप्पा २ ची तपासणी पुन्हा करावी आणि परवानग्यांची यादी वाचूनच सुरक्षा परत लावावी. नव्या महिन्यासाठी भरलेल्या शीटची नक्कल काढून जुन्या नोंदी पुसण्याची सवय मात्र सोडावी: महिनाभरात लॉक झालेले सेल, पुसले गेलेले व्हॅलिडेशनचे नियम आणि सरकलेले संदर्भ त्या नकलेत जसेच्या तसे येतात. चाचणी झालेली कोरी फाइल वेगळी ठेवावी आणि दर महिन्याची प्रत तिच्यावरूनच काढावी.